हा प्रश्न रसायनशास्त्राच्या तासाला विचारा



लातूर जिल्ह्याच्या चाकूर तालुक्यात रोहिणा नावाचे गाव आहे. एप्रिल २०२५ मध्ये महसूल गुप्तवार्ता संचालनालयाच्या अधिकाऱ्यांनी या गावाजवळच्या डोंगराळ, निर्जन भागात छापा घातला. तेथे एक छोटासा गुप्त कारखाना चालू होता. त्यातून ११.३६ किलोग्रॅम मेफेड्रोन जप्त झाले. काही कोरडे होते, काही अजून द्रवरूपात होते. बाजारातील किंमत सुमारे १७ कोटी रुपये सांगण्यात आली आणि सात जणांना अटक झाली.

ही बातमी तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. घरात त्यावर चार दिवस बोलणे झाले असेल आणि मग ती मागे पडली असेल. पण मला असे वाटते की ही बातमी केवळ पोलिसांची नाही. ती रसायनशास्त्राचीही आहे आणि म्हणून ती तुमच्या वर्गात यायला हवी होती. ती आली का? बहुतेक ठिकाणी आली नसावी. ज्या लातूरचे नाव दहावी-बारावीच्या निकालांमुळे आणि वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीमुळे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, त्या लातूरपासून काही कोसांवर एक रसायन बनत होते आणि ते रसायन म्हणजे नेमके काय, हे सेंद्रिय रसायनाची सूत्रे तोंडपाठ असणाऱ्या विद्यार्थ्यालाही सांगता येऊ नये, हे मला योग्य वाटत नाही.

प्रथम एक छोटे गणित करू. १७ कोटी रुपयांना ११,३६० ग्रॅमने भागा. उत्तर येते एका ग्रॅमला सुमारे पंधरा हजार रुपये. त्या आठवड्यात सोन्याचा भाव ग्रॅमला नऊ हजारांच्या आसपास होता. आता आपल्या भागातले माप लावून पाहा. २०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. म्हणजे चिमूटभर पांढऱ्या भुकटीची किंमत तीन क्विंटल सोयाबीनएवढी! हे गणित मी मोहात पाडण्यासाठी मांडलेले नाही. हा मोह आपल्या शिवारापर्यंत का पोचतो, ते कळावे म्हणून मांडले आहे. ज्या वस्तूला एवढा भाव आहे, तिचा कारखाना मुंबईतच असेल असे कोण सांगेल? ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात असाच कारखाना सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत शेकडो किलो मेफेड्रोन पकडले गेले. त्यानंतर पाळी आली रोहिण्याची.

एका भावकीतले रेणू

आता या द्रव्याची कुळकथा पाहू. त्यासाठी एक सांगाडा डोळ्यांपुढे आणा. सहा कार्बन अणूंचे षट्कोनी कडे, म्हणजे तुमच्या ओळखीचे बेंझिनचे कडे. त्या कड्याला दोन कार्बन अणूंची एक छोटी शेपटी आणि शेपटीच्या टोकाला एक नायट्रोजन. बस्स, एवढाच हा सांगाडा. त्याचे नाव फेनेथिलअमाइन.

हा सांगाडा तुमच्या अंगातही आहे. कड्यावर शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट बसवा, की झाले डोपामाइन. मेंदूतल्या चेतापेशी ज्या रसायनांनी एकमेकींना निरोप देतात, त्यांपैकी हे एक. शेपटीवर आणखी एक हायड्रॉक्सिल आणि नायट्रोजनवर एक मिथिल गट बसवा, की झाले ॲड्रेनलिन. कुत्रा अंगावर धावून आला म्हणजे छातीत धडधड करवणारे ते हेच. दम्याच्या रुग्णाचा श्वास मोकळा करणारे साल्ब्युटॅमॉल याच सांगाड्यावर उभारलेले आहे. इफेड्रा नावाच्या झुडपातून जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये वेगळे केलेले इफेड्रिनही याच भावकीतले.

त्याच भावकीत मेस्कालीन येते. मेक्सिको आणि अमेरिकेतील टेक्सास या भागांत पेयोटे नावाचे एक बुटके, काटे नसलेले निवडुंग उगवते. तेथील आदिवासी ते धार्मिक विधींत शतकानुशतके वापरत आले आहेत. रिओ ग्रांदे नदीच्या परिसरातील एका गुहेत सापडलेले या निवडुंगाचे अवशेष किरणोत्सारी कार्बनच्या पद्धतीने तपासले, तेव्हा ते सुमारे ५,७०० वर्षांपूर्वीचे निघाले. या निवडुंगातले परिणामकारक द्रव्य जर्मन शास्त्रज्ञ आर्थर हेफ्टर यांनी १८९७ मध्ये ओळखले. १९१९ मध्ये व्हिएन्नाच्या अर्न्स्ट श्पेट यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले आणि त्याची रचना निश्चित झाली. सांगाडा तोच, फक्त कड्यावर ओळीने तीन मेथॉक्सी गट. डोपामाइनहून फरक केवढासा! पण परिणाम पाहा. मेस्कालीन घेतलेल्या माणसाला रंग हलताना दिसतात, वस्तूंचे आकार बदलतात, वेळेचे भान सुटते. मेंदूत सेरोटोनिन नावाच्या दुसऱ्या निरोप्यासाठी असलेल्या एका विशिष्ट कुलपात ही किल्ली जाऊन बसते, म्हणून हे घडते.

येथे रसायनशास्त्रज्ञाच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहतो. एक गट इकडचा तिकडे केला तर काय होईल? अमेरिकेतील अलेक्झांडर शुल्गिन या रसायनशास्त्रज्ञाने हा प्रश्न आयुष्यभर विचारला. एका मोठ्या रसायन कंपनीत नोकरीला असताना त्याने एक यशस्वी कीटकनाशक शोधून दिले आणि त्यानंतर मेस्कालीनच्या नात्यातले रेणू एकामागून एक घडवायला घेतले. त्यांपैकी एकाचे नाव डी.ओ.एम. हे नाव तुम्ही बहुधा ऐकलेले नसेल. १९६३ मध्ये शुल्गिनने ते बनवले. वजनाला वजन ताडले तर ते मेस्कालीनपेक्षा कितीतरी पटींनी तीव्र निघाले.

१९६७ च्या उन्हाळ्यात हे द्रव्य ‘एस.टी.पी.’ या नावाने सान फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर आले. त्याच्या गोळ्या फार जास्त मात्रेच्या होत्या. शिवाय हे द्रव्य सावकाश चढते. गोळी घेऊन तासभर झाला तरी काही होत नाही असे पाहून काहींनी दुसरी घेतली. मग जो परिणाम सुरू झाला तो पंधरा-वीस तास उतरेना. घाबरलेली, भान हरपलेली तरुण मुले इस्पितळांत येऊ लागली. त्यांनी काय घेतले आहे हे त्यांना ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. मित्रहो, प्रयोगशाळेच्या पहिल्या तासाला शिक्षक बजावतात की बाटलीवर चिठ्ठी नसेल तर त्या बाटलीला हात लावायचा नाही. सान फ्रान्सिस्कोची ती मुले चिठ्ठी नसलेल्या बाटलीतले औषध प्यायली होती.

विसरलेला रेणू परत येतो

मेफेड्रोन याच मोठ्या भावकीच्या दुसऱ्या शाखेतले आहे. पूर्व आफ्रिका आणि येमेन येथे खात नावाच्या झुडपाची कोवळी पाने चघळतात. त्या पानांतले उत्तेजक द्रव्य म्हणजे कॅथिनोन. फेनेथिलअमाइनच्या शेपटीवर, कड्याला लागून, दुहेरी बंधाने एक ऑक्सिजन जोडला आणि पुढच्या कार्बनवर एक मिथिल गट बसवला की कॅथिनोन होते. त्याला आणखी दोन मिथिल गट योग्य जागी लागले की मेफेड्रोन.

हा रेणू प्रथम बनवला गेला १९२९ मध्ये. त्याचा कोणालाही काही उपयोग दिसला नाही. जुन्या नियतकालिकाच्या पानांत तो सुमारे सत्तर वर्षे पडून राहिला. २००३ च्या सुमारास कोणीतरी ते पान उघडले. पुढच्या काही वर्षांत युरोपात तो पुड्यांतून विकला जाऊ लागला. पुडीवर काय छापलेले असे, ठाऊक आहे? ‘झाडांचे खत, माणसांनी खाण्यासाठी नाही!’ कायद्याच्या यादीत त्याचे नाव नव्हते, म्हणून ही पळवाट. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये त्यावर बंदी घातली. भारतात फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याचा समावेश अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत झाला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांनीही त्याला आंतरराष्ट्रीय यादीत घातले. तोवर मुंबईच्या गल्ल्यांत ‘एम.डी.’ आणि ‘म्याऊ म्याऊ’ ही नावे रुळली होती.

हे द्रव्य मेंदूत काय करते? आपण मांजरा धरणाचे उदाहरण घेऊ. धरणात पाणी साठवलेले असते आणि गरजेप्रमाणे ते थोडे थोडे सोडतात. चेतापेशीही डोपामाइन आणि सेरोटोनिन असेच साठवते. निरोपापुरते बाहेर सोडते आणि काम झाले की छोट्या पंपांनी पुन्हा आत ओढून घेते. मेफेड्रोन या पंपांत शिरते आणि त्यांना उलटे फिरवते. साठा भराभर बाहेर पडू लागतो. धरणाचे सगळे दरवाजे एकदम उघडल्यासारखे होते. माणसाला वाटते की आपल्यात प्रचंड शक्ती आली, झोप नको, जेवण नको, सारे जग आपले मित्र. नाडी धावते, रक्तदाब चढतो, अंग तापते. पण हा पूर लवकर ओसरतो. मग पुन्हा घ्यावेसे वाटते आणि पुन्हा. प्रत्येक वेळी धरणात पाणी कमीच असते.

रिकाम्या धरणाचा अर्थ लातूरकरांना पुस्तकातून शिकावा लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. शहरासाठी गाडी आली, पण मेंदूसाठी अशी गाडी कोठूनही येत नाही. उदासपणा, धडधड, झोप उडणे, कोणीतरी आपल्या मागावर आहे असा संशय, हे त्या कोरड्या धरणाचे परिणाम. काहींचे हृदय वा शरीराचे वाढते तापमान हा ताण सोसत नाही आणि मृत्यूही येतो.

सगळी द्रव्ये सारखी नाहीत, हे सांगायला घाबरू नये

आता माझे मत सांगतो. व्यसनाविषयी शाळेत जे कार्यक्रम होतात, त्यांत बहुधा एक भाषण असते, एक शपथ असते, भिंतीवर कवटीचे चित्र असते आणि सांगितले जाते की सगळी अमली द्रव्ये म्हणजे विष. हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण हे शास्त्र नव्हे. मेस्कालीन आणि मेफेड्रोन यांचे काम वेगळे, धोके वेगळे. मेस्कालीनची ओढ मेफेड्रोनसारखी लागत नाही, पण भ्रमाच्या भरात होणारे अपघात आणि मनाचे आजार जागे होण्याची भीती त्यात आहे. मेफेड्रोनची ओढच घातक आहे. भ्रम निर्माण करणाऱ्या काही द्रव्यांचा, उदाहरणार्थ काही अळंब्यांतील सायलोसायबिनचा, नैराश्यावर उपयोग होईल का, याचे प्रयोग आज डॉक्टरांच्या देखरेखीखाली इस्पितळांत चालू आहेत. हे सगळे तुम्हांला आज ना उद्या कळणारच आहे. आणि ज्या दिवशी कळेल की ‘सगळे सारखे’ हे खरे नव्हते, त्या दिवशी भाषणातल्या खऱ्या गोष्टींवरचाही तुमचा विश्वास उडेल. म्हणून मी म्हणतो, मुलांना भेद समजावून सांगा. ज्याला भेद कळतो, त्याला धोकाही नीट कळतो.

यावर काही शिक्षक आणि पालक म्हणतील, “अहो, सांगितले तर कुतूहल वाढेल. झाकलेले बरे.” हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोणते द्रव्य कसे बनवायचे, किती घ्यायचे, हे शाळेत सांगण्याचे काहीच कारण नाही आणि मीही या लेखात ते सांगितलेले नाही. पण ते कसे काम करते आणि कसे मोडते हे सांगणे वेगळे. कुतूहल आधीच आहे. ते वर्गात भागले नाही तर दुसरीकडे भागते. दुसरीकडे, म्हणजे जो ही भुकटी विकतो त्याच्याकडे. तो अर्धेच सांगतो. धरणाचे दरवाजे उघडल्यावर कसे वाटते ते सांगतो, धरण आटल्यावर काय होते ते सांगत नाही.

लातूरसारख्या शहरात तर या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. नांदेड, परभणी, बीड, धाराशिव, हिंगोली अशा अनेक जिल्ह्यांतून मुले-मुली येथे शिकायला येतात. घरापासून दूर, एका खोलीत तिघे-चौघे. परीक्षेचे ओझे डोक्यावर. अशा वेळी कोणी म्हणाले की “हे घे, रात्रभर जाग येईल, अभ्यास होईल,” तर काय उत्तर द्याल? ‘व्यसन वाईट’ हे उत्तर त्या रात्री फार पुरत नाही. त्यापेक्षा हे ठाऊक असलेले बरे की दिवसभर वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे बरेचसे काम मेंदू झोपेतच करतो. झोप मारून वाचलेले पान म्हणजे भिजवण न मिळालेले बी. शिवाय विचार करून नाही म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडतच असतो. तो घडत असताना त्यावर असा घाला घालणे कोणत्याही परीक्षेच्या गुणांपेक्षा महाग पडते.

भट्टीतला कचरा

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्याने समजून घ्यावी. औषधाच्या कारखान्यात रेणू तयार झाला म्हणजे काम संपत नाही. किंबहुना खरे काम त्यानंतर सुरू होते. मूळ पदार्थ किती उरला, भलताच पदार्थ किती बनला, हे तपासावे लागते. ज्या पत्र्याच्या शेडमध्ये रात्री चोरून रसायने उकळतात, तेथे ही तपासणी कोण करणार?

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियात एक भयंकर प्रकार घडला. काही तरुण माणसे इस्पितळात आली ती पुतळ्यासारखी ताठरलेली. हलता येत नव्हते, बोलता येत नव्हते. म्हातारपणी होणाऱ्या कंपवाताची ती सगळी लक्षणे, पण वय ऐन तारुण्याचे. डॉ. विल्यम लँगस्टन आणि त्यांचे सहकारी यांनी शोध घेतला. या सगळ्यांनी हेरॉइनसारखे एक बनावट द्रव्य टोचून घेतले होते. ते बनवताना चूक होऊन त्यात एम.पी.टी.पी. नावाचा भलताच पदार्थ तयार झाला होता. त्या पदार्थाने मेंदूतल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशीच मारून टाकल्या होत्या. ते द्रव्य मेफेड्रोनच्या कुळातले नव्हते, पण धडा सगळ्यांना लागू आहे. बनवणाऱ्याला जो पदार्थ हवा होता तो पुडीत असेलच असे नाही, आणि जो नको होता तो नसेलच असेही नाही.

शास्त्रज्ञांनी या दुर्घटनेतूनही ज्ञान मिळवले. एम.पी.टी.पी. मुळे प्राण्यांमध्ये कंपवाताचा अभ्यास करता येऊ लागला. पण ज्यांच्या शरीरांवर हा न मागितलेला प्रयोग झाला, त्यांची हालचाल काही पहिल्यासारखी परत आली नाही.

कायदा रेणूच्या मागे धावतो

आपल्याकडे अमली पदार्थांविषयीचा मुख्य कायदा १९८५ चा आहे. त्यात मेफेड्रोनची ५० ग्रॅम ही ‘व्यापारी मात्रा’ मानली आहे. त्याहून अधिक मात्रा बाळगल्याचे सिद्ध झाल्यास किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. रोहिण्याचा साठा त्या मर्यादेच्या सुमारे २२७ पट होता. म्हणजे कायदा सौम्य आहे असे म्हणता येणार नाही.

पण कायद्याच्या यादीत द्रव्यांची नावे एकेक करून लिहिलेली असतात. आणि आपण वर पाहिले की एक गट हलवला की नाव बदलते. यादीत नवे नाव येईपर्यंत नवी पुडी बाजारात येऊन जाते. ब्रिटनने २०१० मध्ये नुसत्या मेफेड्रोनवर नव्हे, तर कॅथिनोनच्या सांगाड्यावर उभारलेल्या साऱ्या कुळावरच बंदी घातली. माझ्या मते आपणही नावांच्या यादीबरोबर सांगाड्याची व्याख्या कायद्यात आणली पाहिजे. अर्थात हे डोळे मिटून करता येणार नाही. ब्रिटनला त्या व्याख्येतून ब्युप्रोपिऑन हे एक औषध मुद्दाम वगळावे लागले. तेही कॅथिनोनच्याच कुळातले आणि डॉक्टर ते कशासाठी देतात? नैराश्यासाठी आणि तंबाखूचे व्यसन सोडवण्यासाठी! एकाच भावकीतला एक रेणू व्यसन लावतो आणि दुसरा ते सोडवतो. असा कायदा लिहायला केवळ वकील पुरणार नाहीत. रसायनशास्त्र जाणणारी माणसे लागतील. कदाचित तुमच्यापैकीच कोणी.

कायद्याची आणखी एक बाजू लोकांना फारशी माहीत नसते. जो स्वतः व्यसनात सापडला आहे, ज्याच्यावर फक्त सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप आहे आणि जो आपण होऊन उपचार घ्यायला तयार आहे, त्याला याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. म्हणजे कायदाही त्याला रुग्ण मानायला तयार आहे. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ‘गर्द’ पसरली, तेव्हा डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले, ते याच विचाराने. समाज मात्र अजून अशा मुलाला आधी चोर ठरवतो. घरचे झाकून ठेवतात, मित्र दूर होतात आणि उपचार लांबतो. तुमच्या ओळखीचा कोणी या फेऱ्यात सापडला असेल, तर त्याची चुगली करणे आणि त्याच्यासाठी मदत मागणे यांतला फरक ओळखा. दुसरी गोष्ट करायला धैर्य लागते. घरात किंवा विश्वासातल्या शिक्षकांना सांगा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे आणि संकटातील मुलांसाठी १०९८. दोन्ही विनामूल्य आहेत.

तर मग काय विचाराल?

लातूरने पाठांतर आणि सराव यांच्या जोरावर मोठे नाव मिळवले, हे खरेच कौतुकाचे आहे. पण सूत्र पाठ असणे आणि सूत्राचा अर्थ कळणे यांत अंतर आहे. रोहिण्याच्या शेडमध्ये जे रसायन शिजत होते, तेही कोणालातरी सूत्र ठाऊक होते म्हणूनच. सूत्र ठाऊक होते, पण त्या सूत्राचे पुढे कोणाच्या शरीरात काय होते, हा प्रश्न तेथे कोणी विचारत नव्हते. हाच प्रश्न विचारणे म्हणजे रसायनशास्त्रज्ञ होणे, असे मी मानतो.

म्हणून पुढच्या वेळी अमाइन हा धडा सुरू होईल तेव्हा हात वर करा. फळ्यावर ते षट्कोनी कडे, दोन कार्बनची शेपटी आणि नायट्रोजन काढायला सांगा आणि तीन प्रश्न विचारा. पहिला, याच सांगाड्यातून ॲड्रेनलिन होते आणि मेफेड्रोनही होते, मग शरीराला एक चालते आणि दुसरे का चालत नाही? दुसरा, बाटलीत जे लिहिले आहे तेच आत आहे, हे रसायनशास्त्रज्ञ कसे तपासतो? तिसरा, मेंदूतला साठा एकदा रिकामा झाला तर तो भरून यायला काय काय लागते?

सरांना किंवा बाईंना लगेच उत्तर आले नाही तर हरकत नाही. त्यांना एक दिवस द्या आणि तुम्हीही ग्रंथालयात जाऊन शोधा. हे प्रश्न परीक्षेत येणार नाहीत म्हणून सोडून मात्र देऊ नका. परीक्षा एका दिवसाची असते. खोलीतल्या कोणी रात्री पुडी पुढे केली, तर त्या वेळी हीच उत्तरे तुमच्या उपयोगी पडणार आहेत.